गाडी तापते, खापर गिअरबॉक्सवर

मे महिन्यात नांदेड-लातूर भागात पारा ४२-४३ अंशांवर गेला की मालाने भरलेल्या पिकअप गाड्या बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभ्या दिसू लागतात. लातूरहून अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला येणाऱ्या हमरस्त्यावरचे हे नेहमीचे दृश्य आहे. ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरपाशी उभा असतो, मालकाचा फोनवर तगादा सुरू असतो आणि मागे तुरीची किंवा हळदीची पोती उन्हात तापत असतात. यात नवीन काही नाही. नवीन एवढेच की, आता आपल्या गॅरेजांसमोर हातगिअरच्या गाड्यांबरोबर ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्याही येऊ लागल्या आहेत, आणि त्यांपैकी एखादी तापली की मालक व मिस्त्री दोघेही पहिला संशय गिअरबॉक्सवर घेतात. गिअरबॉक्स उतरतो, उघडतो, पंधरा दिवस गाडी उभी राहते. पुष्कळदा दोष गिअरबॉक्सच्या बाहेरच असतो.

असे का होते, याचा विचार आपल्या व्यापारी बांधवांनी आणि गॅरेजवाल्या कारागिरांनी एकत्र बसून करावयास हवा. आमच्या मते याचे कारण यंत्रात कमी आणि व्यवहारात जास्त आहे. पण आधी यंत्राचे पाहू.

आपल्याकडील मालवाहू पिकअपचा बाजार आजही हातगिअरचाच आहे. बोलेरो पिकअप, २००५ साली आलेला टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती, २०११ साली आलेला अशोक लेलँडचा दोस्त, या गाड्यांवरच भाजीपाला, किराणा, फर्निचर, बकरे असा सारा माल फिरतो. ऑटोमॅटिक गिअरची पिकअप भारतात आली ती महागड्या गटात. इसुझूची व्ही-क्रॉस २०१९ पासून सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये मिळू लागली आणि टोयोटाची हायलक्स २०२२ साली आली. शेती, ठेकेदारी किंवा मोठा व्यापार असणाऱ्यांनी त्या घेतल्या. अशा गाड्या कंपनीच्या वॉरंटीत असतात तोपर्यंत शोरूमला जातात आणि वॉरंटी संपली की आपल्या मिस्त्रीकडे येतात. मोटारींचेही तसेच. हैदराबाद आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून येणाऱ्या मोटारींत ऑटो गिअर आता अपूर्वाईचा राहिलेला नाही.

येथे पहिली गफलत होते ती नावाची. ऑटो गिअर म्हणजे एकच वस्तू नव्हे. २०१४ साली मारुतीने सेलेरिओ गाडीत आणलेला आणि पुढे अनेक स्वस्त गाड्यांत आलेला एएमटी हा मुळात हातगिअरचाच गिअरबॉक्स आहे. त्यात नेहमीचीच क्लच प्लेट असते, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम पायाऐवजी यंत्र करते. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरली की ती प्लेट घासते, तापते आणि जळका वास येतो. या गाडीत गिअरचे तेल कितीही वेळा बदलले तरी तो वास जाणार नाही. हायलक्स किंवा व्ही-क्रॉसमध्ये असतो तो टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स. त्याचा स्वभाव निराळा, त्याचे तेल निराळे आणि तापण्याची कारणेही निराळी. गाडी दारात आली की यांपैकी कोणता गिअरबॉक्स आहे हे आधी विचारावे. हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता पाना लावण्यात आहे.

टॉर्क कन्व्हर्टरचे काम समजावून सांगायचे तर दोन पंखे समोरासमोर ठेवल्याची कल्पना करावी. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल असते. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. दोघांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी ताकद चाकापर्यंत न पोहोचता तेलात उष्णता होऊन बसते. गाडी सरळ रस्त्यावर वेगात असते तेव्हा आतला लॉकअप क्लच दोन्ही पंखे एकमेकांना जखडतो, फरक संपतो आणि उष्णता कमी होते. भरलेली गाडी मार्केट यार्डाच्या रांगेत इंच इंच सरकत असते, किंवा लातूरच्या गंज गोलाईसारख्या गर्दीतून वाट काढत असते, किंवा ओल्या शेतात चाक रुतलेले असताना ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबत राहतो, तेव्हा लॉकअप लागतच नाही. गाडी चालत नाही म्हणून ती तापणार नाही, असे ड्रायव्हरला वाटते. प्रत्यक्षात ती सर्वांत जास्त तेव्हाच तापते.

हे तेल साधारण ८० ते ९५ अंशांवर सुखाने काम करते. ११५-१२० अंशांच्या पुढे ते जळू लागते व आतल्या भागांवर वार्निशसारखा थर बसू लागतो. त्याहीपुढे रबरी सील कडक होतात, आणि १५० अंशांच्या आसपास आतल्या क्लच प्लेटा घसरू लागतात. या धंद्यात एक ढोबळ हिशेब धरतात की, दर दहा-अकरा अंश जादा उष्णतेला तेलाचे आयुष्य निम्मे होते. आणि एक गोष्ट लक्षात ठेवावी. डॅशबोर्डवरचा काटा इंजिनाच्या पाण्याची उष्णता दाखवतो, गिअरच्या तेलाची नव्हे. तो काटा मधोमध असला तरी गिअरचे तेल जळत असू शकते. गिअरची खरी उष्णता पाहावयाची तर स्कॅनर लावावा लागतो.

आता आपल्या भागाचे म्हणून जे दोष आहेत ते पाहा. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरचे तेल गार होण्यासाठी नळीतून रेडिएटरकडे जाते. पुष्कळ गाड्यांत त्याचा कूलर रेडिएटरच्या टाकीच्या पोटातच बसवलेला असतो. म्हणजे रेडिएटर आजारी पडला की गिअरबॉक्सही आजारी पडणार. आणि मराठवाड्यात रेडिएटर आजारी पडावयास कारणे कमी नाहीत. आपले बोअरचे पाणी काळ्या खडकातून येते, जड असते. ज्या पाण्याने घरातल्या बादलीला पांढरा थर बसतो, तेच पाणी ड्रायव्हर हौसेने रेडिएटरमध्ये ओततो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात तर माणसांनाच पाणी नव्हते, गाडीला कूलंट कोण विचारतो? पण दुष्काळ सरला तरी सवय राहिली. आतल्या नळ्यांना क्षार धरतो, नळ्या अरुंद होतात आणि पाणी असूनही गाडी तापते. आरओचे पाणी घातले म्हणजे झाले असेही नाही. नुसत्या पाण्याने धातू गंजतो आणि ते लवकर उकळते. तयार मिसळलेले कूलंट आणून घालावे. जडपाण्याच्या गावात कूलंटचा खर्च हा खर्च धरू नये.

दुसरा शत्रू बाहेरून येतो. सोयाबीनच्या हंगामात भुसा उडतो, जिनिंगच्या आसपास कापसाचे पुंजके उडतात. ते एसीच्या जाळीत आणि तिच्यामागच्या रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतात. समोरून पाहिले तर एसीची जाळी स्वच्छ दिसते आणि दोन जाळ्यांच्या मध्ये गोधडी शिवावी तसा थर बसलेला असतो. तो टॉर्च लावून बाजूने पाहिल्याशिवाय दिसत नाही. धुवावयाचा तर इंजिनाच्या बाजूने पुढे पाण्याचा हलका मारा करावा. वॉशिंगच्या पंपाने समोरून जोरात मारले की जाळीच्या पातळ पट्ट्या आडव्या पडतात व हवा कायमची बंद होते. नांदेड-लातूरच्या गाड्यांसाठी ही एक तपासणी बाकीच्या सर्वांच्या आधी व्हावी असे आम्हांस वाटते.

तिसरी गोष्ट आपल्या मिस्त्री मंडळींना आवडणार नाही. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची जी पद्धत आहे ती बंद झाली पाहिजे. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आडवाट बंदही करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता त्या आडवाटेने परत इंजिनात फिरतो, आणि गार व्हावयाची ती गाडी चढावर उलट जास्त तापते. इतर गाड्यांत सपाट रस्त्यावर इंजिन गरजेपेक्षा थंड राहते व डिझेल जास्त जळते. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा घालावा.

एवढे झाल्यावर गिअरच्या तेलाकडे वळावे. ज्या गाडीत तेल पाहण्याची दांडी असते तेथे काम सोपे असते. काही गाड्यांत दांडीच नसते. तेथे गाडी सपाट जागी, इंजिन चालू आणि तेल कंपनीने सांगितलेल्या उष्णतेवर असताना खालच्या बोल्टातून पातळी पाहावी लागते. उकळत्या तेलावर पाहिली तर चुकते, थंडगार तेलावर पाहिली तरी चुकते. तेल लाल व स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी झाले असेल तर वय झाले. काळे आणि जळक्या वासाचे असेल तर आतल्या प्लेटांचा बळी गेला असण्याची शक्यता आहे. आणि गुलाबी दुधासारखे दिसले तर रेडिएटरच्या पोटातला कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरले आहे, असे समजावे. अशा गाडीला एक किलोमीटरही चालवू नये. रेडिएटर न बदलता नुसते तेल बदलणारा मिस्त्री ग्राहकाचे दोनदा नुकसान करतो.

तेल ठीक असूनही उष्णता चढत असेल तर कूलरच्या दोन नळ्या तपासाव्यात. आता हातात धरावयाचे उष्णतामापक पिस्तूल बाजारात सहज मिळते. चकचकीत धातूवर ते खोटे बोलते, म्हणून नळीवर काळी टेप गुंडाळून त्यावर नेम धरावा. कूलरला जाणारी आणि परत येणारी नळी जवळजवळ सारख्याच गरम असतील तर कूलर उष्णता घेत नाही. परतीची नळी अगदीच गार असेल तर तेलाचा प्रवाह कुठेतरी अडला आहे असा संशय घ्यावा. रेडिएटरचा पंखा पाहावा. ज्या पंख्याला चिकट तेलाचे कपलिंग असते तो गरम इंजिनावरही सुस्त फिरत असेल तर कपलिंग गेले. ब्रेक धरून राहिलेले नाहीत ना, हेही पाहावे. दहा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या ड्रमवर नेम धरला की धरलेला ब्रेक लगेच कळतो. ब्रेक धरलेली गाडी म्हणजे रिकामी असूनही भरलेली गाडी.

लॉकअपची परीक्षा रस्त्यावर होते. मोकळ्या हमरस्त्यावर वरच्या गिअरमध्ये एका वेगाने गाडी चालवावी आणि ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला किंचित स्पर्श करावा. इंजिनाचे फेरे दोन-तीनशेने वर जाऊन पुन्हा खाली आले तर लॉकअप लागतो व सुटतो आहे. काहीच फरक पडला नाही तर तो लागतच नसावा. मग दोष तारेत आहे, सेन्सरमध्ये आहे की आतल्या व्हॉल्व्हमध्ये, हे स्कॅनरवर शोधावे. येथे, आणि येथेच, गिअरबॉक्स उघडण्याचा विषय निघू शकतो.

ड्रायव्हरसाठी दोन शब्द. गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून इंजिन चालू ठेवावे, म्हणजे आतला पंप तेल कूलरमधून फिरवीत राहतो. घाबरून लगेच चावी फिरवली की तेल जागच्या जागी भाजत राहते. मात्र कूलंट सांडत असेल किंवा वाफ येत असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे. घाट चढताना गिअर हाताने खाली धरावा. चढावर गाडी थांबवावयाची तर ब्रेकवर थांबवावी, ॲक्सिलरेटरवर नव्हे. आणि बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोर लावून, फिरणारी चाके रस्त्यावर ठेवून ओढू नये. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आत तेल फिरत नाही. लोह्याहून नांदेडपर्यंत ओढून आणलेल्या गाडीचा चांगला गिअरबॉक्सही वाटेत संपू शकतो. तिला गाडीवर चढवूनच आणावे.

हे सारे मिस्त्रीला ठाऊक असावे ही अपेक्षा रास्त आहे. पण वर जी तपासणी सांगितली तिला एक अख्खा दिवस जातो, स्कॅनर लागतो, पिस्तूल लागते, रस्त्यावर गाडी फिरवावी लागते. आणि या सर्वांची मजुरी किती? आपल्या गावात शून्य. ग्राहक पार्टचे पैसे देतो, उतरवण्या-चढवण्याचे देतो, तेलाचे देतो. दोष शोधण्याचे पैसे मागितले तर म्हणतो, "पाहिलं नुसतं, केलं काय?" वकिलाला सल्ल्याची फी देणारा आणि डॉक्टरला तपासणीची फी देणारा आपलाच व्यापारी गॅरेजमध्ये मात्र बुद्धीला किंमत देत नाही. मग मिस्त्रीने काय करावे? त्याचे पोट गाडी उघडण्यावर चालते, म्हणून तो गाडी उघडतो. जाळीतला भुसा काढून गाडी बरी केली तर त्याला चहाचे पैसे मिळतात, गिअरबॉक्स उतरवला तर महिन्याचे भाडे निघते. यात तो बेइमान आहे असे आम्ही म्हणत नाही. हिशेबच असा मांडला आहे की प्रामाणिक कामाला मजुरी नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, नांदेड आणि लातूरच्या गॅरेजवाल्यांनी आपापसांत बसून तपासणीची वेगळी मजुरी ठरवावी आणि ती पाटीवर लिहावी. गाडी पुढे त्याच गॅरेजमध्ये दुरुस्त करो वा न करो, ती मजुरी ग्राहकाने द्यावी. बदल्यात मिस्त्रीने कागदावर लिहून द्यावे: तेलाचा रंग काय, उष्णता किती, नळ्यांचे आकडे काय, स्कॅनरवर कोणता कोड आला, आणि आपल्या मते दोष कोठे. तेल काळे पडून गिअर घसरत असेल तर नव्या तेलाने झिजलेल्या प्लेटा परत येणार नाहीत, हेही आधीच लिहावे. अशा चिठ्ठीने भांडणे मिटतात, आणि दुसऱ्या गावातल्या मिस्त्रीलाही गाडी पहिल्यापासून पाहावी लागत नाही. काहींना वाटेल की पाटी लावली तर ग्राहक शेजारच्या दुकानात जाईल. एकट्याने लावली तर जाईलही. म्हणूनच सर्वांनी एकदम लावावी असे म्हणतो.

व्यापारी बांधवांनाही आपला वाटा उचलावा लागेल. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरून ती तापली की मिस्त्रीला धारेवर धरणे हा न्याय नव्हे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे. एक फेरी वाचवण्यापायी जे मिळते त्याच्या कितीतरी पट एका दंडात किंवा एका गिअरबॉक्समध्ये जाते. हातगिअरच्या गाडीत हाच भार क्लच प्लेट खातो, ऑटोमॅटिकमध्ये तेल खातो. आणि कंपनीच्या पुस्तकात जड भार, धूळ व उन्हाळा यांसाठी तेल बदलण्याची मुदत वेगळी, कमी दिलेली असते. आपल्या गाड्या त्याच मुदतीत बसतात. "आयुष्यभर तेल बदलावे लागत नाही" हे वाक्य मराठवाड्यातल्या मालवाहू गाडीसाठी लिहिलेले नाही.

शिक्षणाचा प्रश्न राहतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिम कामगार तुलनेने जास्त आढळलेल्या धंद्यांत मोटार दुरुस्ती आणि रस्ते वाहतूक हे धंदे होते. तरीही शासनाच्या कारागीर योजनांत मोटार मिस्त्री बसत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनीच, सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ धंदे घेतले. त्यांत लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, न्हावी आहे, मोटार मिस्त्री नाही. त्याची मागणी जरूर करावी, पण वाट पाहत बसू नये. गॅरेजात दहा-दहा वर्षे घालवलेल्या पोरांना जुन्या हुनराची सरकारी मान्यता परीक्षा देऊन मिळू शकते. दहावी झालेल्या शागीर्दाला आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करता येतो. उस्तादांनी त्याला त्यासाठी दिवसातले काही तास मोकळे सोडले पाहिजेत. स्कॅनरवरची इंग्रजी त्या मुलाला वाचता येईल आणि हाताखालचा आवाज उस्तादाला ओळखता येईल. एका गॅरेजात दोघेही हवेत. एकट्याला स्कॅनर परवडत नसेल तर चार गॅरेजांनी मिळून एक घ्यावा आणि वापराचा हिशेब वहीत ठेवावा. आपल्याकडे भिशी चालते, मग स्कॅनर का चालू नये?

दर ठरवावयाचा तर तो पावसाळ्यातच ठरवावा. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन येऊ लागते, मग कापूस, मग हळद. तेव्हा गाड्यांना उभे राहावयास वेळ नसतो आणि मिस्त्रीला बोलावयास.